प्रो. डोमाजी निंबार्ते (मॅट्रिक)

१ सप्टेंबर

दहावीला बसण्याचा खरा खर्च आज काढला. फॉर्मची फी यात सर्वांत स्वस्त. चष्मा (जवळचं दिसत नाही, हे फॉर्म भरतानाच कळलं). गाईडांचा संच. टेबल. टेबलावरचा दिवा. शाळा सोडल्याचा दाखला काढायला जुन्या शाळेत गेलो, तिथल्या बाबूचा चहा-समोसा. मी तिकडे समोसा खाऊ घालत होतो तेव्हा इकडे दुकानासमोर उभी असलेली बारा चाकी गाडी कंटाळून साकोलीला निघून गेली, तेही काम यात धरायचं. सगळी बेरीज रुखमाला ऐकवली. नवरा या वयात शिकतो म्हटल्यावर बायकोनं दोन शब्द कौतुकाचे बोलावे. ती म्हणाली, अजी, एवढ्यात तं म्हैस आली असती, आन् म्हैस नापास होत नाई.

नोंद: घरातून विरोध सुरू. सावध राहायचं.

३ सप्टेंबर

बाहेरून बसणाऱ्यांच्या संपर्क केंद्राचे सर म्हणाले, रोज दहा ओळी लिहीत जा, हात वळेल, निबंधाला कामी येईल. म्हणून ही डायरी. टायरवाल्यानं फुकट दिलेली, मागच्या सालची. कुणाला दाखवायची नाही.

पहिला निबंध: मी दहावी का देतो. ट्रकखालच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे बनवणारी एक मोठी कंपनी आपल्या भागात एजन्सी देत आहे. त्यांचे एरिया मॅनेजर चंद्रकुमार साहेब स्वतः लाखनीला येऊन माझ्या दुकानात स्टुलावर बसले. हायवे पसंत, जागा पसंत, माझा पंचवीस वर्षांचा अनुभव पसंत. फक्त म्हणाले, मालिक दसवी पास होना, डोमाजी, कंपनी का रूल है. मे महिना संपेपर्यंत थांबतो म्हणाले. नाहीतर साकोलीची पार्टी तयार आहे. एजन्सी साकोलीला गेली तर गाड्याही तिकडेच थांबणार आणि मी इथे माश्या मारणार.

म्हणजे सोपं आहे. एक परीक्षा. ती मी पूर्वी एकदा दिलेलीही आहे. त्या वेळी गणिताचा पेपर तपासणाऱ्याचं माझ्याशी काहीतरी वैर होतं.

४ सप्टेंबर, सकाळ

टाइमटेबल भिंतीवर लावलं. पहाटे ४ ते ६ गणित. ६ ते ७ इंग्रजी. दिवसभर दुकान. संध्याकाळी ७ ते ९ बाकीचं सगळं.

५ सप्टेंबर

अलार्म लागला. पण तो खरा चारचाच लागला कशावरून? खात्री नव्हती म्हणून उठलो नाही.

१० सप्टेंबर

आज विचार करून एक गोष्ट लक्षात आली. मला पुस्तकाची तशी गरजच नाही. माझे कान आहेत. गाडी जॅकवर न घेता, हातोडीचा एक ठोका मारून मी सांगतो की सात पाट्यांपैकी कोणता तडकला. रायपूरपर्यंतचे ड्रायव्हर म्हणतात, उस्ताद के कान में एक्स-रे है. दुकान आणि घर यांच्यात एकच भिंत. गल्ल्यावर बसून मी फोडणीच्या आवाजावरून भाजी ओळखतो. या घरात माझ्या कानाआड काही होऊ शकत नाही.

तेव्हा वाचणार कमी, ऐकणार जास्त.

प्रश्न एवढाच की ऐकवणार कोण? गुड्डी, माझी मुलगी, स्वतःच यंदा दहावीला आहे. तिला तिचंच होत नाही. रुखमा आठवी. सोयरिकीच्या वेळीच आमच्या आईनं ठोकून विचारलं होतं. आईची अट होती, पोरगी पोरापेक्षा कमी शिकलेली पाहिजे, नाहीतर एका घरात दोन मालक होतात. मी दहावीला अडकलेला. मोहाडीचे सासरे जरा थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, आठवी. आईनं तिथल्या तिथं सोयरीक पक्की केली.

म्हणजे या घरातला पहिला मॅट्रिक मीच. गुड्डीचा निकालही त्याच दिवशी, त्याच वेळी लागेल, पण मी वयानं मोठा.

१ ऑक्टोबर

अभ्यास आणि दुकान दोन्ही जमत नाही. दुकानाचा दोष आहे. आजपासून दुपारनंतर रुखमा गल्ल्यावर बसेल. हातोडीचं काम कमलेश पाहील. कमलेश माझ्याकडे बारा वर्षांपासूनचा मिस्त्री, बोलायला गोड, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. रुखमाला नीट समजावलं, शंभरपर्यंतचे व्यवहार तू कर, मोठा आकडा आला की मला हाक मार. ती म्हणाली, बरं.

६ ऑक्टोबर

सहा दिवसांत एकदाही हाक आली नाही. लहान लहान गिऱ्हाईक येऊन राहिले असतील.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

गंभीर बाब.

मधल्या खोलीत अभ्यास करत होतो. पुस्तक छातीवर, डोळे मिटलेले, मनन चालू. स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "आधी क्ष मोकळा कर. घाई करू नकोस. एका बाजूला जे करशील तेच दुसऱ्या बाजूला कर."

शुद्ध मराठी. आपल्या इकडे असं कोण बोलतं? उठून गेलो. गुड्डी वहीपाशी. रुखमा पोळ्या लाटत होती. तिसरं कोणी नाही. मागचं दार मात्र थोडं उघडं.

विचारलं, कोण आलं होतं? गुड्डीनं रुखमाकडे पाहिलं. रुखमा म्हणाली, कोन येते बाप्पा इकडं, तुमी झोपेतून उठून आले का?

म्हणजे या घरात माझ्या चोरून मॅडम लावली आहे. गुड्डीसाठी. मला कळू नये म्हणून मागच्या दारानं येते आणि जाते. पोरीला बापापेक्षा जास्त मार्क पडावेत असा डाव दिसतो.

१२ ऑक्टोबर

रात्री मागच्या दाराशी धानाचा कोंडा पसरला होता, दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळी आवाज पुन्हा आला. नंतर कोंडा तपासला. कोंबडीचे पाय. रुखमाची चप्पल. माझे स्वतःचे पाय. मॅडमचे नाहीत. बाई हलक्या पावलाची असून भिंतीच्या कडेनं चालत असावी.

रुखमा म्हणाली, कोंडा कायले सांडला? मी म्हणालो, मुंग्यांसाठी.

१७ ऑक्टोबर

मॅडमबद्दल आतापर्यंत हाती लागलेलं: वय चाळिशीच्या आसपास. बोलताना 'आहे' म्हणते, 'हाय' नाही. काचेच्या बांगड्या. नेमक्या किती हे सांगता येत नाही, कारण त्याच वेळी रुखमाच्याही वाजतात.

आज मॅडम शिंकत होती. रुखमालाही सकाळपासून सर्दी. म्हणजे ती बाई आमच्या घरात सर्दी पण घेऊन आली.

२४ ऑक्टोबर

रुखमा माहेरी मोहाडीला गेली, दोन दिवस. दोन्ही दिवस मॅडम फिरकली नाही. तिला आणणारी रुखमाच, हे यावरून पक्कं झालं. गुड्डीला आडून विचारलं, तुमची ती येत नाही का आजकाल? गुड्डी म्हणाली, कोन ती? आणि तोंडावर ओढणी घेऊन मोरीत निघून गेली. खोकली की हसली ते कळलं नाही.

या दोन दिवसांत गल्ल्यावर मी बसलो. एक ड्रायव्हर आला, म्हणाला, भाभीजी नहीं है क्या, उनका हिसाब साफ रहता है. ड्रायव्हर लोक आता खुशामतही करू लागले.

३ नोव्हेंबर

दिवाळी. अभ्यासाला सुट्टी, हा सरकारी नियम आहे. भाऊबीजेला रुखमाचा भाऊ इश्वर मोहाडीहून आला. जेवताना मी त्याला गणिताची अडचण सांगितली. तर तो हातातला घास तसाच धरून म्हणाला, भाऊजी, मंग बाईलेच विचारा न. रुखमानं त्याच्या पानात न विचारता दोन करंज्या वाढल्या. इश्वरनं मान खाली घातली आणि दोन्ही संपवल्या.

त्याची बाई म्हणजे रुखमा, आठवी; माझी थट्टा केली, हे मला समजलं. मी मोठ्या मनानं हसलो. पण करंज्या का वाढल्या? तोंड बंद करायला. काय लपवून राहिले हे लोक? मॅडमची फी इश्वर देत असेल काय?

१४ नोव्हेंबर

मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गेलो. रात्रभर नाटक पाहिलं. 'मी पाहिलेली जत्रा' या निबंधाची तयारी. उद्या याच विषयाची आणखी तयारी शेजारच्या गावात आहे.

१९ नोव्हेंबर

धान कापणी चालू. आमचं शेत भावाकडे बटाईनं आहे, मला तिथे काम नाही. पण बांधावर कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. अभ्यास नाही.

२२ नोव्हेंबर

माणूस उगाच मोठा होत नाही. आज एक अशी युक्ती सुचली की स्वतःलाच शाबासकी दिली. मॅडम गुड्डीला शिकवते. भिंत पातळ आहे. मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो, तर तीच शिकवणी मलाही मिळते. फुकट! फी इश्वरची, ज्ञान माझं.

बसलो. मॅडमनं शेकडेवारी घेतली. चांगली शिकवते, हे मान्य केलं पाहिजे. गणितात गुड्डीचा हात आधीपासून बरा, पण मॅडम एकेक गोष्ट दोनदोनदा सांगते, तीही मोठ्यानं. पोरगी मंद झाली की काय, याची चिंता वाटली.

२ डिसेंबर

मॅडमचा आवाज हल्ली आणखी स्पष्ट येतो. जणू भिंतीकडे तोंड करून बोलते. आज म्हणाली, "समज, एका कमानीत सात पाटे आहेत. सर्वांत लांब पाटा क्ष. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा दोन इंचांनी आखूड. तर सातवा किती?"

माझं डोकं एकदम चाललं. उत्तरावर नाही. मॅडमला कमानीत सात पाटे असतात हे कुणी सांगितलं? गणिताच्या पुस्तकात पाटे नसतात, आंबे असतात. ही बाई शिकवायला येत नाही. ही धंद्याची माहिती काढायला येते. साकोलीच्या पार्टीनं पाठवलेली आहे.

३ डिसेंबर

आता लक्ष गणितावर ठेवून चालणार नाही. मॅडमवर ठेवायचं. दाराच्या फटीतून पाहायचा प्रयत्न केला. फटीतून फक्त रुखमाची पाठ दिसते. नेमकी तीच आडवी बसते. मुद्दाम.

८ डिसेंबर

काल दुकानात कानावर आलेलं. कमलेश भाता चालवताना हळूच म्हणाला, बाई, मालकाले कवा समजन? रुखमा म्हणाली, समजन तवा समजन. परीक्षा होऊ दे, मंग पाहू.

रात्री नीट झोप नाही. कमलेश फितूर. एजन्सी साकोलीला जाणार, कमलेश तिकडे मिस्त्री म्हणून जाणार, आणि ही बातमी माझ्या बायकोला ठाऊक आहे. मला सांगत नाही, कारण माझ्या अभ्यासात बाधा येईल. एवढं तरी मन तिचं चांगलं आहे.

सकाळी कमलेशला बाजूला घेतलं. म्हणालो, कमलेश, माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. तो म्हणाला, हो मालक, तुमच्या कानासारखे कान जिल्ह्यात नाई. आणि हातोडी पायावर पाडून घेतली, इतका हसला. अपराधी माणूस असाच हसतो.

१५ डिसेंबर

साकोलीवाल्यांना दाखवून द्यायचं म्हणून बोर्ड रंगवून घेतला. भंडाऱ्याचा पेंटर. निळ्यावर पिवळी अक्षरं: निंबार्ते स्प्रिंग एजन्सी, खाली प्रो. डोमाजी निंबार्ते (मॅट्रिक). पेंटर म्हणाला, परीक्षा होऊ द्या, मग लिहू. मी म्हणालो, तू फक्त अक्षरं सरळ काढ. बोर्ड पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

रुखमानं पाहिला. बराच वेळ पाहत उभी होती. म्हणाली, नाव सुंदर काढलं. मग म्हणाली, रोज संध्याकाळी भिंतीजवळ बसत जा तुमी, तिथं हवा चांगली लागते. डिसेंबरात?

१० जानेवारी

संपर्क केंद्रावर सराव परीक्षा. गणितात चाळीसपैकी चार. सर म्हणाले, डोमाजी, बीजगणिताला हातच लावला नाही तुम्ही. मी सांगितलं, सध्या घरी एका वेगळ्या प्रकरणाचा तपास चालू आहे. सरांनी चष्मा काढून पुसला. तपासाचं महत्त्व त्यांना पटलं असावं.

घरी कुणाला सांगितलं नाही. तपासलेला पेपर तेवढा डब्याच्या पिशवीत राहिला. पण आज मॅडमनं शिकवायला सुरुवात केली तीच बीजगणितापासून. पहिल्या धड्यापासून. गुड्डी म्हणाली, अगं, हे तं मले पाठ हाय. मॅडम म्हणाली, "तुला असेल." म्हणजे गुड्डी मॅडमला 'अगं' म्हणते! एवढी सलगी!

सराव परीक्षेचे मार्क मॅडमला कसे कळले? सरही यात सामील आहेत. अभ्यासासाठी मोजके दिवस उरले आणि चहूबाजूंनी घेरलं आहे.

१२ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. मराठीचं श्रवण कौशल्य. माझ्यासाठी म्हणजे घरचं मैदान. सर उतारा वाचणार, आपण ऐकायचं, मग प्रश्न.

सर वाचू लागले. नेमकं त्याच वेळी व्हरांड्यात दोन माणसं बोलत होती. एकाच्या साळ्यानं जुना ट्रॅक्टर विकला होता, घरी एक किंमत सांगितली, खरी दुसरीच आली, आणि मधला फरक कोणत्या सोयऱ्याकडे लपवला. शब्द न् शब्द टिपला. सरांनी विचारलं, उताऱ्यातील मुख्य विचार सांगा. मी म्हणालो, साळ्यावर विश्वास ठेवू नये. सरांनी यादीत काहीतरी लिहिलं.

बाकीची पोरं बाहेर म्हणत होती की उतारा तलावातल्या पक्ष्यांवर होता. त्यांच्या कानांचं मी काय सांगू? श्रवणात पैकीच्या पैकी धरून चालतो.

२१ फेब्रुवारी

बोर्डाची परीक्षा सुरू. मराठीचा पेपर. बाप-लेक एकाच मोटारसायकलवर निघालो. रुखमानं दोघांच्या हातावर दही ठेवलं. माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, घाई करू नका. मला वाटलं गाडीबद्दल बोलते.

'मी पाहिलेली जत्रा' हा विषय आला नाही. वशिला लागतो.

५ मार्च

बीजगणित. दुसऱ्याच पानावर प्रश्न: एकाहून एक ठरावीक अंतरानं लहान होत जाणाऱ्या पट्ट्या, सातवी किती? हा प्रश्न ओळखीचा. मॅडमनं घेतला होता, पाटे घालून. पण उत्तर माझ्याकडे नाही, कारण त्या संध्याकाळी मी मॅडम कोणाची माणूस आहे हे शोधत होतो. म्हणजे या प्रश्नाचे मार्क कोणी घालवले? मॅडमनं.

घरी आलो. रुखमानं ताट वाढण्याआधीच विचारलं, पाट्यांचा सवाल आला का? मी म्हणालो, आला. गुड्डीच्या बारशाला फुलला असेल तसा तिचा चेहरा फुलला. म्हणाली, मंग सोडवला न? मी म्हणालो, फर्स्ट क्लास.

रात्री लक्षात आलं. प्रश्न आला हे गुड्डीनं आधी सांगितलं असेल. पण गुड्डी तर अजून मैत्रिणीकडेच होती.

१७ मार्च

परीक्षा संपली. आकडेमोड केली: मराठी पासष्ट, इतिहास साठ, हिंदी ड्रायव्हरांमुळे सत्तर, विज्ञान पन्नास, इंग्रजी जेमतेम, गणित पस्तीसच्या जवळपास, वरच्या बाजूनं.

परीक्षा संपली तशी मॅडमही यायची बंद. माझा संशय खरा ठरला. काम झालं, गेली.

२० एप्रिल

चंद्रकुमार साहेबांचा फोन. म्हणाले, क्या हुआ डोमाजी, साकोलीवाले रोज पूछ रहे हैं. मी म्हणालो, बोर्ड तय्यार है साहब. ते म्हणाले, रिझल्ट? मी म्हणालो, वह तो फॉर्मॅलिटी है.

१३ मे, दुपार

निकाल.

गुड्डी अठ्ठ्याऐंशी टक्के. गणितात सत्त्याण्णव. पोरगी मंद नव्हती.

मी सगळ्यांत पास. गणित सोडून. गणितात शंभरपैकी एकवीस.

गुड्डीनं मोबाईल माझ्या हातातून हळूच काढून घेतला. रुखमानं चहा ठेवला, त्यात साखर टाकायला विसरली, आणि मीही तसाच प्यालो.

१४ मे

एटीकेटी म्हणजे नापास नव्हे. पुन्हा परीक्षा जुलैत. साहेबांची मुदत मेअखेर. दोन महिन्यांचा फरक, मोठ्या कंपनीला काहीच नाही. तपासणाऱ्याचं वैर मात्र तीस वर्षं टिकलं, याचं आश्चर्य वाटतं.

२६ मे

हे सावकाश लिहितो.

चंद्रकुमार साहेब आले. स्टुलावर बसले. मी एटीकेटी समजावून सांगितली, दोनदा, कमलेशसमोर. साहेबांचं तोंड खरंच उतरलं होतं. म्हणाले, आप का काम मुझे मालूम है, लेकिन एटीकेटी से नहीं चलेगा. मालिक पास होना. आणि खिशातून फोन काढला. साकोलीला लावायला. मी त्या फोनकडे पाहत होतो. पंचवीस वर्षं, आणि पुढची सगळी, त्या बोटाखाली होती.

तेव्हा तो आवाज आला.

"साहेब, घाई करू नका. कंपनीला मालक दहावी पास हवा आहे, की डोमाजीच दहावी पास हवे आहेत?"

तोच. शुद्ध. हळू, पण स्पष्ट. मॅडम! मी ताडकन वळून मागच्या दाराकडे पाहिलं. मग आठवलं, दुकानाला मागचं दार नाही.

गल्ल्यावर रुखमा बसली होती. तोंड तिचं हलत होतं आणि आवाज मॅडमचा येत होता.

साहेबांनी फोन खाली केला. म्हणाले, मालिक कोई भी हो, कंपनी को पास चाहिये. ती म्हणाली, "मग माझ्या नावानं करा. मी बारावी आहे. विज्ञान शाखा, मोहाडी. गणितात चौऱ्याऐंशी." साहेब स्टुलावरून उठून उभे राहिले आणि तिला नमस्कार केला. माझ्यासाठी कधी उठले नव्हते. मार्जिनची टक्केवारी लावताना एका ठिकाणी साहेबांचीच चूक तिनं काढली. कमलेश हातोडी धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते.

२६ मे, संध्याकाळ

विचारलं तिला. तू तर आठवी.

म्हणाली, तुमच्या आईची अट होती. बाबानं माझे चार वर्ग कापून तुमच्या घरात देल्लं. लग्न झाल्यावर सांगणार होती. पहिल्याच महिन्यात तुमी गल्ला मोजून राहिले होते, चुकले, मी सांगाले गेली, तं तुमी म्हणाले, बाईमानसाले आकडे कुठून येते. मंग म्हटलं, राहू दे.

मी म्हणालो, हे मी म्हटलेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, तुमाले कसं आठवन, तुमी बोलून राहिले होते, ऐकून नाई.

मग विचारलं, गुड्डीला शिकवत होतीस, तर मला सरळ का नाही शिकवलं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, सरळ शिकवलं असतं तं तुमी बसले असते का? म्हणून भिंतीकडे तोंड करून सांगत होती, आन् शिकवाले बसली का तोंडात शाळेतली भाषा येते. गुड्डीले तं दिवाळीतच सगळं येत होतं. पाट्यांचा सवाल तुमच्यासाठीच बनवला होता.

गुड्डी आतून म्हणाली, बाबा, मले एकाच धड्यासाठी तीनतीनदा बसावं लागलं, माहीत हाय का?

मी काही लिहिणार नव्हतो यापुढे. पण लिहून ठेवतो: आवाज ओळखीचा होता. मी तो खरंच कुठेतरी ऐकला होता.

३० मे

पेंटर आला. माळ्यावरून बोर्ड काढला. डोमाजी पुसून रुखमा केलं. कंसातल्या मॅट्रिकचं काय करायचं, त्यानं विचारलं. रुखमा म्हणाली, राहू दे, कंस रिकामा ठेव, जुलैत हे पास झाले का पाहू. मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

आजपासून संध्याकाळी ७ ते ९ बीजगणित. स्वयंपाकघरात. भिंतीच्या याच बाजूला. टाइमटेबल रुखमानं केलं आहे, त्यात पहाटे चार नाही.

३१ मे

जुलैच्या फॉर्मसाठी संपर्क केंद्रावर गेलो. सरांना म्हणालो, गणित सोडा, ते माझ्या बायकोकडे दिलं आहे, पण मराठीच्या श्रवणात तरी पैकीच्या पैकी दिले ना? कानांचं कौतुक निदान एका कागदावर असावं.

सरांनी कपाटातून यादी काढली, बोट फिरवलं आणि दाखवलं.

श्रवण कौशल्य: पाचपैकी एक. सर म्हणाले, तो एकही तुम्ही हजर होता म्हणून दिला.